विल्सन इव्होल्यूशन: लाकडी कोर्टाचा बॉल, मुंबईच्या सिमेंटवर

घाईत असलेल्या क्रीडाशिक्षकांसाठी निकाल आधीच सांगून टाकू. तुमच्या बास्केटबॉल संघाला लाकडी इनडोअर कोर्ट मिळत असेल, निदान सामन्यांपुरतं, तर विल्सन इव्होल्यूशन हा बॉल जरूर घ्या. पण एकच घ्या. रोजचा सराव शाळेच्या आवारातल्या सिमेंटवर होत असेल तर त्या सरावाला हा बॉल अजिबात बाहेर काढू नका. तिथे रबरी बॉल वापरा आणि वाचलेल्या पैशात रिंगची फाटकी जाळी बदला. सहा इव्होल्यूशन घेऊन ते जूनपर्यंत सिमेंटवर घासायचे, हा शाळेच्या पैशाचा सरळसरळ नाश आहे.

मुंबईच्या मुलांना हाच बॉल का हवा असतो, त्याचं उत्तर त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. अमेरिकन हायस्कूल संघांचे सामने आता इथे कोणीही पाहू शकतं आणि तिथल्या शाळांच्या जिममध्ये हा बॉल सर्रास दिसतो. त्या सामन्यांसोबत एक वादही आला आहे: आजवरचा सगळ्यात भारी शालेय संघ कोणता? १९५६ चा क्रिस्पस अटक्स, १९८३ चा डनबार, १९८९ चा सेंट अँथनी, की २०२० चा मॉन्टव्हर्ड? सराव संपल्यावर बाटलीतलं पाणी संपेपर्यंत हा वाद चालतो आणि बहुतेक वेळा पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, कोण किती गाजलं यावर येऊन थांबतो. आमच्या मते तो मोजायचा चुकीचा गज आहे. त्या संघांच्या हातात कसला बॉल होता, पायाखाली कसलं कोर्ट होतं आणि नियम काय होते, हे आधी पाहायला हवं. म्हणून परीक्षण या बॉलचं असलं तरी त्यात ते संघ येत राहतील.

आधी बॉल. हातात घेतल्यावर पहिला फरक कळतो तो बोटांच्या टोकांना. वरचं आवरण मायक्रोफायबर कंपोझिटचं आहे, म्हणजे चामडं नव्हे, पण रबरही नव्हे. बारीक धाग्यांच्या थरावर दाणेदार लेप. कोरड्या हातालाही तो किंचित चिकटल्यासारखा वाटतो. दुसरी गोष्ट काळ्या पट्ट्यांची. स्वस्त बॉलच्या पट्ट्या गुळगुळीत रबराच्या असतात; शॉटच्या वेळी मधलं बोट नेमकं पट्टीवर आलं की ते घसरतं आणि बॉल तिरका फिरत सुटतो. इव्होल्यूशनमध्ये पट्ट्याही कंपोझिटच्याच बसवलेल्या आहेत, त्यामुळे पट्टीवरही बोट धरून राहतं. नव्याने शूटिंग शिकणाऱ्या मुलाला याचा फायदा सगळ्यात जास्त, कारण त्याला बॉल दर वेळी एकाच तऱ्हेने पकडायची सवय अजून लागलेली नसते.

तिसरी गोष्ट आवरणाखाली दडलेली आहे. आतलं कवच आणि वरचं आवरण यांच्यामध्ये मऊ फोमचा थर आहे, विल्सन त्याला कुशन कोअर म्हणते. त्यामुळे जोराचा पास झेलताना तळव्याला कमी झोंबतं आणि बोटं बॉलमध्ये जराशी रुततात. मात्र याच थरामुळे एक चूक हमखास होते. आपल्याकडे हवा तपासायची रीत म्हणजे दोन्ही अंगठ्यांनी बॉल दाबून पाहायचा. रबरी बॉलला ती बऱ्यापैकी चालते. इथे अंगठा आधी फोम दाबतो, म्हणून हवा बरोबर असूनही बॉल मऊ लागतो, मग कोणीतरी आणखी चार पंप मारतो आणि बॉल दगड होतो. रिंगवर आदळून तो फ्री थ्रो लाइनपर्यंत उडायला लागला की समजावं, हवा जास्त झाली आहे.

हवा भरायची ती व्हॉल्व्हजवळ छापलेल्या आकड्याप्रमाणे, साधारण ७ ते ९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). गेज असलेला पंप नसेल तर टप्पा मोजा. भिंतीवर १.८ मीटरवर खडूची रेघ मारा, बॉलची खालची कड त्या रेघेला लावा आणि बॉल नुसता सोडा, ढकलू नका. टप्पा घेऊन वर आलेल्या बॉलची वरची कड १.२५ ते १.३५ मीटरच्या दरम्यान पोहोचली की हवा बरोबर. ही चाचणी ज्या कोर्टावर खेळायचं त्याच कोर्टावर करा. लाकडी फ्लोअर टप्प्याचा थोडा जोर स्वतः खातो, सिमेंट खात नाही. सिमेंटवर बरोबर भरलेला बॉल लाकडावर जरा मेल्यासारखा वाटतो आणि पहिल्या पाच मिनिटांत ड्रिबल करणाऱ्याचा अंदाज चुकतो.

उकाड्याचा हिशेबही धरायला हवा. एसी खोलीत २२ अंशांना ८ पीएसआय भरलेला बॉल ३७ अंशांच्या मैदानावर आणून ठेवला तर आतला दाब ९ च्या थोडा वर जातो. कोणी एक पंपही मारलेला नसतो. एप्रिल-मेच्या शिबिरात सकाळी सातला बरोबर वाटणारा बॉल अकरा वाजता उंच उडतो, तो यामुळेच. त्या दिवसांत सकाळी ७ ते ७.५ वर थांबलेलं बरं.

आता जुन्या संघांकडे वळू, कारण बॉलने खेळ कसा बदलतो हे तिथे लख्ख दिसतं. न्यू जर्सीतल्या पसेइक हायस्कूलने १९१९ ते १९२५ या काळात लागोपाठ १५९ सामने जिंकले. आकडा ऐकून आजची मुलं थक्क होतात, आणि व्हावंच. पण त्या वेळचा बॉल चामड्याचे तुकडे शिवून केलेला होता. ब्लॅडर आत घालायला त्याला चीर ठेवलेली असे आणि ती चीर बुटासारखी लेस बांधून बंद करत. टप्पा लेसवर पडला की बॉल कुठेही जाई. असा बॉल घेऊन पळत ड्रिबल करणं म्हणजे धोका, म्हणून पसेइकचे प्रशिक्षक अर्नेस्ट ब्लड यांनी सगळा भर आखूड, झटपट पासवर ठेवला. शिवाय प्रत्येक बास्केटनंतर पुन्हा मध्यावर जंप बॉल व्हायचा, म्हणजे पंच बॉल वर उडवायचे आणि दोन्ही संघांचे सेंटर उडी मारून तो आपल्याकडे वळवायला पाहायचे. तो नियम १९३७ मध्ये गेला. उंच आणि वेळ साधणारा सेंटर तुमच्याकडे असेल तर बास्केट करूनही बॉल पुन्हा तुमच्याच हातात. समोरच्याला बॉल मिळणारच नाही! म्हणून १५९ हा आकडा आजच्या सलग विजयांशेजारी जसाच्या तसा मांडता येत नाही. त्यातलं पासिंग मात्र आजही शिकवण्याजोगं आहे.

हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, खेळवून पटतं. सरावात आठ मिनिटांचा एक डाव ठेवा. नियम दोनच: प्रत्येक बास्केटनंतर मध्यावर जंप, आणि एका खेळाडूने सलग दोनपेक्षा जास्त ड्रिबल करायचे नाहीत. स्कोअर दहाच्या आसपास घुटमळेल आणि बॉलशिवाय पळणं कशाला म्हणतात ते मुलांना कळेल.

इव्होल्यूशनचा रंग तपकिरीकडे झुकणारा आहे, त्यावरून अटक्सचा संघ आठवतो. इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अटक्स हायस्कूलने ऑस्कर रॉबर्टसन संघात असताना १९५५ मध्ये इंडियाना राज्याचं अजिंक्यपद मिळवलं. अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्टवर ९७-७४ असा विजय. पुढच्या वर्षी ३१ पैकी ३१ सामने जिंकून पुन्हा अजिंक्यपद, आणि इंडियानाच्या इतिहासात एकही सामना न हरता विजेता ठरलेला तो पहिला संघ. अंतिम सामने झाले बटलर फील्डहाऊसमध्ये. त्याच बटलर विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी हिंकल यांनी पुढे प्रेक्षकांना आणि खेळाडूंना नीट दिसेल असा नारिंगी बॉल आणायला लावला. १९५८ च्या कॉलेज अंतिम फेरीत तो वापरून पाहिला गेला. म्हणजे रॉबर्टसन आणि त्याचे साथीदार जिंकले ते गडद तपकिरी चामडी बॉलवर. आणि तेही स्वतःच्या शाळेत नव्हे, कारण त्यांचं जिम सामन्यांना पुरेसं मोठंच नव्हतं, घरचे सामनेही बाहेर जाऊन खेळायचे. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेतली ही मुलं. त्या काळात शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारायची सक्ती) नाही, तीन गुणांची रेषा नाही, आणि तरी अंतिम सामन्यात ९७ गुण.

इथे तुलनेचा एक साधा नियम सांगतो. वेगवेगळ्या काळांतले निकाल ताडून पाहताना गुणांमधला फरक धरू नका, गुणांचं प्रमाण धरा. ९७-७४ मध्ये फरक २३ चा आहे, प्रमाण १.३१. पसेइकची मालिका हॅकेनसॅकने १९२५ मध्ये तोडली ती ३९-३५ अशी. फरक फक्त ४, पण प्रमाण १.११. संथ खेळात चार गुणही मोठे असतात. आपल्याकडच्या शालेय सामन्यांचे जुने निकाल लावून पाहतानाही हीच रीत वापरावी. चाळीस मिनिटांचा सामना आणि बत्तीस मिनिटांचा सामना, दोन्हींना हे प्रमाण सारखंच लागू पडतं.

प्रमाणाने सगळं कळत नाही, हेही खरं. ३० जानेवारी १९६५ रोजी मेरीलँडच्या डिमॅथा शाळेने न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेला ४६-४३ असं हरवलं आणि त्यांची ७१ विजयांची मालिका संपवली. पॉवरकडे सात फुटी लू अल्सिंडर होता, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखला गेला. डिमॅथाचे प्रशिक्षक मॉर्गन वूटन यांनी सरावात खेळाडूंच्या हाती टेनिसच्या रॅकेटी देऊन त्या उंच धरायला लावल्या, म्हणजे शूटरला अल्सिंडरच्या हाताच्या वरून बॉल काढायची सवय व्हावी. आज मुंबईतल्या एखाद्या प्रशिक्षकासमोर उंच सेंटरवाला संघ आला तर ही युक्ती जशीच्या तशी वापरता येते. रॅकेट नसेल तर केरसुणीचा दांडा घ्या, फक्त टोकाला जाड कापड गुंडाळा. इव्होल्यूशनसारखा धरणारा बॉल इथे खरंच कामाला येतो, कारण उंच कमानीचा शॉट मारताना शेवटच्या क्षणी बोटांनी फिरकी द्यावी लागते आणि गुळगुळीत झालेल्या बॉलवर ती बसत नाही.

पकड आणि हातचलाखी म्हटलं की बाल्टिमोरच्या डनबारचं नाव घ्यावंच लागतं. १९८१-८२ मध्ये २९-०, १९८२-८३ मध्ये ३१-०. प्रशिक्षक बॉब वेड. त्या संघांतले मग्सी बोग्स, रेजी विल्यम्स, रेजी लुईस आणि डेव्हिड विंगेट असे चौघे पुढे एनबीएत गेले. बोग्सची उंची १६० सेंटिमीटर. मुंबईच्या कुठल्याही नववीच्या वर्गात त्याच्याहून उंच पाच-सहा मुलं सापडतील. तो बॉल इतका खाली ठेवून पळायचा की उंच माणसाला वाकूनही हात पोहोचत नसे. बुटक्या मुलाला संघाबाहेर बसवण्याआधी प्रशिक्षकांनी बोग्सची जुनी दृश्यं जरूर पाहावीत. आमच्या लेखी शालेय वयातला सर्वांत भारी संघ हाच आहे. सगळी एकाच शहरातली मुलं, तीन गुणांच्या रेषेची मदत नाही आणि दोन मोसमांत एकही पराभव नाही.

मुलींच्या संघांबद्दल या वादात कोणी बोलत नाही, ते चुकतं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड पॉली शाळेकडून शेरिल मिलर चार वर्षं खेळली, तेवढ्या काळात संघाने १३२ सामने जिंकले आणि ४ हरले. १९८२ मध्ये तिने एकाच सामन्यात १०५ गुण केले. आणि हे सगळं पुरुषांच्या मोठ्या बॉलने! अमेरिकेत महिलांचा छोटा बॉल आला तो १९८४-८५ च्या मोसमात. आपल्या मुलींना मात्र आज योग्य बॉल मिळू शकत असूनही कित्येकदा मिळत नाही, कारण खरेदी करताना सगळ्यांसाठी मिळून ७ नंबरच मागवला जातो. इव्होल्यूशन ६ नंबरमध्येही मिळतो. ७ नंबरचं वजन ५६७ ते ६२४ ग्रॅम आणि घेर ७५ ते ७६ सेंटिमीटर. ६ नंबरचं वजन ५१० ते ५६७ ग्रॅम आणि घेर ७२ ते ७४. आकड्यांत फरक छोटा दिसतो, पण हाताचा पंजा लहान असेल तर शॉटचा सगळा साचाच बदलतो. मुलगी मोठा बॉल रिंगपर्यंत पोहोचवायला खांद्यावरून ढकलायला शिकते आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. मुलींसाठी ६ नंबर वेगळा घ्या आणि त्याच्यावर मार्करने ठळक लिहा. बारा वर्षांखालच्या मुलामुलींना ५ नंबर, आणि त्यांना इव्होल्यूशनची गरजच नाही.

आता सिमेंट. हा बॉल इनडोअरचा आहे, आणि त्याच्याबद्दलची सगळी नाराजी इथूनच सुरू होते. मायक्रोफायबरचा दाणा नाजूक असतो. सिमेंटवर किंवा डांबरी कोर्टावर प्रत्येक टप्प्यागणिक तो घासला जातो, आणि मुलं ड्रिबलचा सराव करतात तेव्हा एका तासात टप्पे हजारांनी पडतात. आधी दाण्यांची टोकं चपटी होतात, मग त्यांच्या फटींत बारीक धूळ भरते आणि बॉल तळव्यावरून सरकू लागतो. त्यानंतर पट्ट्यांच्या कडा उचलतात. एकदा कड उचलली की नखाने आणखी सोलली जाते, त्याला इलाज नाही. फेव्हिक्विक लावून पाहू नका; तो सुकून कडक होतो आणि ती जागा टप्प्यात दगडासारखी लागते. रोज सिमेंटवर खेळवला तर एका मोसमातच त्याची पकड साध्या रबरी बॉलच्या खाली जाते. रबरी बॉल झिजतो, पण झिजूनही रबरच राहतो. कंपोझिट झिजला की आतलं कापड वर येतं.

अर्थात कोर्ट सिमेंटचं म्हणून संघ कमी, असं अजिबात नाही. न्यू जर्सीतल्या सेंट अँथनी हायस्कूलकडे स्वतःचं जिम नव्हतं. बॉब हर्ली यांचा संघ जर्सी सिटीतल्या व्हाइट ईगल हॉलमध्ये, म्हणजे बिंगोचा खेळ चालायचा त्या सभागृहात सराव करायचा. तिथून १९८८-८९ चा ३२-० चा संघ निघाला, ज्यात बॉबी हर्ली, टेरी डेहेअर आणि जेरी वॉकर होते. शाळा २०१७ मध्ये बंद पडली. आणि आपल्याकडे मुंबईतलं नागपाडा आहेच. १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी सुरू केलेलं नागपाडा नेबरहूड हाऊस, आजूबाजूची उघडी कोर्टं, आणि त्याच मोहल्ल्यातून आलेले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले बास्केटबॉलपटू अब्बास मुन्तसिर. लाकडी फ्लोअर हे तिथल्या खेळाचं कारण नव्हतं. म्हणून महागडा बॉल नाही या कारणाने कोणी सराव थांबवू नये.

सेंट अँथनीच्या संघाला तीन गुणांची रेषा मिळाली होती. अमेरिकन शाळांत ती १९८७-८८ पासून आली, रिंगपासून ६.०२ मीटरवर. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो, तिथे २०१० पासून ती ६.७५ वर आहे. मोबाईलवर पाहून अमेरिकन हायस्कूलच्या मुलाची नक्कल करणारा आपला मुलगा त्याच्यापेक्षा पाऊण मीटर मागून मारत असतो आणि आपलाच शॉट वाईट समजतो. सरावाला ६.०२ वर खडूने वेगळी कमान आखून द्या. तिथून दहापैकी चार-पाच पडायला लागले की मग मागे न्या. ताकद कमी पडते म्हणून कोपर बाहेर काढून मारायची सवय याने टळते.

मॉन्टव्हर्डचा २०१९-२० चा संघ २५-० राहिला. केड कनिंगहॅम, स्कॉटी बार्न्स, मोझेस मूडी, डेरॉन शार्प हे चौघेही २०२१ च्या एनबीए ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडले गेले आणि कनिंगहॅम तर पहिल्याच क्रमांकावर. कोविडमुळे मोसमाअखेरची राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. निव्वळ ताकदीने पाहिलं तर हा संघ डनबारला हरवेल असं आम्हालाही वाटतं. पण ही निवासी अकादमी आहे, खेळाडू ठिकठिकाणांहून येतात. एका वस्तीतल्या शाळेने घडवलेला संघ आणि निवडून जमवलेला संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आंतरशालेय स्पर्धांतही खेळाडू बाहेरून आणणारी शाळा आणि स्वतःच्या पाचवीपासून मुलं तयार करणारी शाळा यांना आपण एका मापाने मोजत नाही.

पुन्हा बॉलकडे. पावसाळा हा त्याचा दुसरा शत्रू. ओल्या कोर्टावर एकदा जरी खेळवला तरी आवरण पाणी शोषतं, बॉल जड होतो आणि आतला गोंद सुटायला लागतो. भिजलाच तर सुती फडक्याने टिपून घ्या, पुसताना रगडू नका, आणि पंख्याखाली सावलीत एक दिवस ठेवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवला तर पट्ट्या सुटतात. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या पेटीत किंवा बंद कपाटात ठेवू नका, चार दिवसांत पांढरट बुरशी येते. जाळीच्या पिशवीत घालून भिंतीवरच्या खिळ्याला टांगा. बुरशी आलीच तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मग किंचित ओल्या फडक्याने पुसा. सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल यातलं काहीही लावू नका, लेप विरघळतो. घामाने आणि धुळीने मळला असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळलेलं, आणि लगेच कोरडं पुसणं.

हवा भरताना सुईला ग्लिसरीनचा एक थेंब लावा आणि सुई सरळ आत घाला. कोरडी किंवा तिरकी सुई व्हॉल्व्हचं रबर कापते. हे बॉल खराब होण्याचं सगळ्यात टाळण्याजोगं कारण आहे. रोज थोडी हवा जाते असं वाटलं तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला तर ग्लिसरीन घालून सुई दोन-तीनदा आतबाहेर करा, कित्येकदा तेवढ्याने रबर पुन्हा बसतं. बॉलला एका बाजूला फुगवटा आला असेल तर मात्र आतले धागे तुटलेले आहेत. तो बॉल फेकून द्या, दुरुस्ती होत नाही.

विकत घेताना धोबीतलावच्या खेळसामानाच्या दुकानांत जात असाल तर शिवणकामाची टेप सोबत ठेवा आणि वजनकाटा मागा. वर दिलेल्या आकड्यांत वजन आणि घेर बसलाच पाहिजे. नकली माल सहसा वजनातच पकडला जातो. मग बॉल दोन्ही हातांनी उलटी फिरकी देऊन वर उडवा आणि व्हॉल्व्हकडे पाहा. बॉल डगमगत फिरला तर वजन सगळीकडे सारखं नाही. शेवटी काळ्या पट्टीवरून बोट फिरवा. पट्टी गुळगुळीत लागली तर तो इव्होल्यूशन नाही, पेटीवर काहीही छापलेलं असो.

बारा जणांच्या संघाला आमची यादी अशी: सहा रबरी बॉल सिमेंटवरच्या सरावाला, इनडोअर सरावासाठी मध्यम किमतीचे दोन कंपोझिट, आणि सामन्यांसाठी एक इव्होल्यूशन. पैसे कमी असतील तर मधले दोन वगळा, रबरी कमी करू नका. एका बॉलमागे दोनच मुलं असली की ड्रिबलचा सराव खरा होतो. सहा-सहा मुलं एका बॉलसाठी रांगेत उभी असली तर बॉल कितीही भारी असो, हात तयार होत नाही.

स्पर्धेला नेण्याआधी आयोजकांना एक फोन करा. इव्होल्यूशनवर अमेरिकन शालेय संघटनेचा शिक्का असतो, आणि बऱ्याच स्पर्धांत सामन्याचा बॉल आयोजकच देतात. तो मोल्टनचा बारा पट्ट्यांचा निघाला तर आठ पट्ट्यांच्या इव्होल्यूशनवर सराव केलेल्या मुलांची बोटं पहिल्या दहा-बारा शॉटना चुकीची पट्टी शोधतात. म्हणून कुठला बॉल आहे ते आधी कळलं तर निदान दोन दिवस तसाच बॉल कुठूनतरी मागून आणा आणि फ्री थ्रो त्यावरच मारून घ्या, प्रत्येकी पन्नास.